‘वकील गैरहजर’ : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

कापूरबावडीपासून गायमुखापर्यंतचा घोडबंदर रोड कायद्याच्या नजरेने पाहिला, तर तो करारांचा रस्ता आहे. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही गावांची नावे आता संकुलांच्या पत्त्यांत उरली आहेत. एकेका मनोऱ्यातल्या प्रत्येक घरामागे नोंदवलेला करारनामा असतो, बँकेचे गहाण असते, सोसायटीचे भागप्रमाणपत्र असते आणि बिल्डरने पाळलेल्या-न पाळलेल्या वचनांचा हिशेब असतो. इतके कागद जिथे, तिथे वाद आलेच आणि वादामागून वकील आला. या रस्त्यावरची माणसे मात्र बहुतेक बाहेरून आलेली. कोणी दादर-परळची चाळ सोडून आले, कोणी जळगाव-साताऱ्याहून, कोणी थेट दुसऱ्या राज्यातून. जुन्या ठाण्यात नौपाड्याला किंवा कल्याणात पारनाक्याला घराण्याचा वकील असे. आजोबांचा दावा ज्यांनी चालवला, त्यांचाच मुलगा किंवा शिष्य नातवाचे काम बघे. त्याने काम टाळले तर लग्नामुंजीत गाठ पडे आणि चारचौघांत विचारणा होई. घोडबंदरला वकील मिळतो तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या शिफारशीने. फी गुगल पेवर जाते, वकीलपत्रावर सही होते आणि पुढे कित्येकदा उरतो तो फक्त न उचललेला फोन.

ओळखीपाळखीचा धाक गेल्यावर त्याच्या जागी कोणता धाक आला, आणि तो चालतो का, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. कायद्याच्या भाषेत याला वकिलांची व्यावसायिक शिस्त म्हणतात. हा विषय फार मोठा असल्याने त्याचा एकच कोपरा आपण धरला आहे. पैसे खाणारा, खोटी कागदपत्रे करणारा, विरुद्ध बाजूला फितूर होणारा वकील इथे दुय्यम आहे. इथला मुख्य माणूस साधा आहे. त्याने काम घेतले आणि केले नाही, एवढाच त्याचा इतिहास. वाचकाला कायद्याची पार्श्वभूमी नसली तरी चालेल. सोसायटीचे सचिवपद एकदा सांभाळले असेल, तर अर्धी पार्श्वभूमी तयारच आहे.

न केलेल्या कामाने नेमके काय बिघडते ते आधी पाहू, कारण बाहेरून बघणाऱ्याला ‘तारीखच तर चुकली’ असे वाटते. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यावर कैफियत देण्याची मुदत ३० दिवस, न्यायालयाने वाढवून दिली तर ९० दिवस. ती हुकली की दावा एकतर्फी चालण्याची वाट मोकळी होते. वादीच्या बाजूने कोणीच उभे राहिले नाही तर दावा गैरहजेरीत निघतो. तो पुन्हा उभा करण्याच्या अर्जालाही मुदत ३० दिवसांचीच, आणि दावा निघाल्याचे पक्षकाराला कळेपर्यंत ती बहुधा उलटून गेलेली असते. मग उशीर माफ करण्याचा आणखी एक अर्ज, त्यावर समोरच्याचे म्हणणे, त्यावर युक्तिवाद. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण तर पूर्णपणे दिवसांच्या मोजणीवर उभे असते : बँकेची चिठ्ठी आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. यातला एखादा दुवा निसटला तर खरे देणे असूनही फिर्याद लंगडी होते. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने टाळाटाळ केली तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे लागतो. २००८ च्या दुरुस्तीने सोसायट्यांना हा मार्ग मिळाला, पण त्यातली एक त्रुटी वेळेत पुरी केली नाही तर जमीन वर्षानुवर्षे बिल्डरच्याच नावावर राहते. डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती अशी कुटुंबे एकाएकी पक्षकार झाली. अशा माणसाला वकील तारखेला उभा राहिला की नाही, यावर डोक्यावरचे छप्पर ठरते.

आता यंत्रणेकडे येऊ. त्यावर फार रेंगाळण्याची गरज नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चा. त्याच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. तक्रारीत तथ्य असल्याचे सकृद्दर्शनी वाटले तर ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा नाव यादीतून कायमचे काढू शकते. त्यावर अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात. वकिलाने कसे वागावे याचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केले आहेत. त्यांत पक्षकाराप्रती कर्तव्यांचे वेगळे प्रकरण आहे. पुरेसे कारण आणि रास्त सूचना दिल्याशिवाय काम सोडू नये, पक्षकाराचे हित निर्भयपणे जपावे, त्याच्या पैशाचा हिशेब ठेवावा, असे बरेच काही त्यात आहे. मात्र तारखेला काय घडले ते पक्षकाराला कळवावे, त्याच्या विचारणेला उत्तर द्यावे, असा सरळ, स्वतंत्र नियम तिथे शोधून सापडत नाही. अमेरिकेतल्या वकिलांच्या आदर्श नियमावलीत तत्परता आणि पक्षकाराशी संपर्क हे १९८३ पासून दोन वेगळे नियम आहेत. आपल्याकडच्या नाराजीचा मोठा हिस्सा नेमका या न लिहिलेल्या नियमाबद्दल आहे.

या विषयाची कळ एका पुण्याच्या खटल्यात आहे, म्हणून वाचकाने तिथून सुरुवात करावी असे मी सुचवीन. पुण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे वकिली करणाऱ्या दोघांविरुद्ध तिथल्याच बारा वकिलांनी तक्रार केली. तीच पुढे सर्वोच्च न्यायालयात पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र या नावाने पोहोचली. १९८३ च्या निकालात न्यायमूर्ती अ. प्र. सेन यांनी खांडेकरांना दोषमुक्त केले, आणि ते करताना एक रेघ ओढली. चुकीचा सल्ला देणे वेगळे आणि गैर सल्ला देणे वेगळे. नैतिक अधःपतनाची जोड नसलेला निव्वळ निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही.

ही रेघ ओढण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. कायदा म्हणजे अंदाजाचाही धंदा. प्रत्येक हरलेल्या दाव्यातून एक तक्रार जन्माला येऊ लागली तर धाडसी युक्तिवाद करणारा वकील उरणार नाही. पण त्या रेघेच्या पलीकडे काय गेले तेही बघा. ज्याने फितुरी केली नाही, पैसे खाल्ले नाहीत, खोटे बोलला नाही, पण तीन वर्षे तारखेला गेलाच नाही, तो कुठे बसतो? चुकीच्या सल्ल्याला जे संरक्षण हवे, ते गैरहजेरीला कशासाठी? सल्ला चुकतो तेव्हा वकिलाने निदान डोके चालवलेले असते. गैरहजेरीत काही चाललेलेच नसते. माझ्या मते या दोहोंना ‘निष्काळजीपणा’ या एकाच नावाखाली ठेवल्यामुळे आपल्याकडची शिस्तीची चर्चा इतकी वर्षे बोथट राहिली आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत ही गाठ पुन:पुन्हा दिसेल.

गंमत अशी की, जी प्रकरणे शिक्षेपर्यंत पोहोचतात त्यांत निष्काळजीपणाला बहुधा खोटेपणा चिकटलेला असतो. मद्रासचे रंगादुराई प्रकरण घ्या. ऐकू न येणारे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची पत्नी. त्यांच्या दोन वचनचिठ्ठ्यांच्या वसुलीचे काम वकिलाने घेतले, दावे वेळेत नीट दाखल केले नाहीत आणि सगळे सुरळीत चालले आहे असे भासवत राहिला. सहा वर्षांच्या निलंबनाची शिक्षा अपिलात एक वर्षावर आली. पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शिक्षेचा उरलेला काळ गरिबांच्या मोफत विधिसाहाय्यात घालवण्याची मुभा दिली. निकालाचे गद्य वाचनीय आहे. पण वाचताना एक विचार सुटत नाही : या वकिलाने थापा मारल्या नसत्या, नुसतेच गप्प बसला असता, तर? दाव्यांची मुदत तेव्हाही गेलीच असती.

यावरचे उत्तर काही अंशी पुन्हा पुण्यातूनच आले. एन. जी. दास्ताने विरुद्ध श्रीकांत शिवदे या प्रकरणात साक्षीदार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात हजर असताना वकिलांनी उलटतपासणी पुन:पुन्हा पुढे ढकलायला लावली, असा आरोप होता. राज्य बार कौन्सिलला त्यात सकृद्दर्शनी काही दिसले नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे म्हटले. साक्षीदार हजर आहे हे माहीत असून पर्यायी व्यवस्था न करता मुदत मागणे ही कर्तव्यच्युती आहे आणि तिची चौकशी झाली पाहिजे. इथे हरवलेला वेळ पक्षकाराचा नव्हता, समोरच्या साक्षीदाराचा होता. तरीही विषयाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते, कारण नुसते उभे न राहणे, मुदत मागत राहणे हेही पहिल्यांदा ठळकपणे गैरवर्तनाच्या बाजूला आले. खांडेकर आणि दास्ताने हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही महाराष्ट्रातले, आणि दोन्हींचे सूर जुळत नाहीत.

वकिलाला काय होते हा एक प्रश्न झाला. पक्षकाराच्या दाव्याचे काय होते हा दुसरा, आणि घरी बसलेल्या माणसाला तोच आधी पडतो. इथे वाचकांना १९८१ चा रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल आवडेल. वकील आला नाही म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपील काढून टाकले होते. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी विचारले की, फी देऊन, वकिलावर विसंबून गावी बसलेल्या माणसाने आणखी काय करायचे होते? अपील पुन्हा उभे राहिले. विरुद्ध पक्षाला द्यायचा २०० रुपयांचा खर्च गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करायला सांगितला गेला. रक्कम किरकोळ होती, दिशा मात्र बरोबर होती.

पण १९९३ मध्ये सलील दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या उदारतेला मर्यादा घातली. तिथला पक्षकार कलकत्त्याची एक खासगी कंपनी होती. न्यायालयाचे म्हणणे असे की, हा काही खेड्यातला अडाणी माणूस नव्हे, आपल्या दाव्याचे काय चालले आहे याची चौकशी त्याने स्वतः करायला हवी होती. घोडबंदर रोडच्या वाचकाने हा निकाल दोनदा वाचावा. हिरानंदानी इस्टेटमध्ये राहणारा अभियंता, कासारवडवलीतली बँक अधिकारी, दोनशे सभासदांची सोसायटी आणि तिची निवडून आलेली समिती, यांच्यापैकी कोणालाही न्यायालय ‘गावी बसलेला भोळा माणूस’ म्हणणार नाही. शिकलेल्या पक्षकाराला वकिलाच्या चुकीची सवलत कमी मिळते. तो वकिलाच्या कामात डोके घालू लागला तर वकीलसाहेब म्हणणार, ‘मग तुम्हीच चालवा की केस!’ या दोन्हींच्या मध्ये अडकलेला सुशिक्षित पक्षकार हा या अभ्यासातला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे, असे मला वाटते.

नुकसानभरपाईचे काय? शिस्तपालन समिती वकिलाला शिक्षा करते, पक्षकाराचे गेलेले भरून देत नाही. डॉक्टरांची सेवा १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ग्राहक कायद्याखाली आली. वकिलांचीही येते, असे राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये दिल्लीच्या डी. के. गांधी प्रकरणात म्हटले होते. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. वकिली इतर व्यवसायांसारखी नाही, आणि पक्षकाराचे वकिलावर थेट नियंत्रण असल्यामुळे हा वैयक्तिक सेवेचा करार आहे, म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद. थेट नियंत्रण! आठवडाभर फोन लावून थकलेल्या कोणाही पक्षकाराला हे वाचून दाखवावे. निकालाच्या बाजूने बोलायचे तर वकिलाची निष्ठा न्यायालयाशीही असते, आणि ग्राहक-विक्रेत्याच्या चौकटीत ती बसत नाही, हे खरे आहे. पण दार बंद करताना दुसरे कोणते उघडे आहे ते बघायला हवे. उघडे आहे ते जुनेच : दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट, १९२६ चे कलम ५ सांगते की, केवळ वकील आहे म्हणून कोणी निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटत नाही. शंभर वर्षे जुने आणि स्वच्छ शब्दांचे हे कलम. वापरात मात्र फार क्वचित येते, कारण एका वकिलाच्या हलगर्जीने पोळलेल्या माणसाला, त्याच वकिलाविरुद्ध, त्याच कोर्टात, दुसरा वकील लावून पुन्हा तारखांच्या रांगेत उभे राहायचे असते.

इंग्लंडने हा गुंता सोडवताना दोन प्रश्न वेगळे केले. वर्तन बिघडले असेल तर शिस्तीची यंत्रणा आणि सेवा वाईट असेल तर २०१० पासून काम करणारा लीगल ओम्बुड्समन. हा ओम्बुड्समन माफी मागायला लावतो, फी परत करायला लावतो, भरपाईही देववतो. तिथल्या सॉलिसिटरांच्या शिस्तीच्या न्यायाधिकरणात वकील नसलेले सदस्यही बसतात. आपल्या समितीत कौन्सिलचे दोन निवडून आलेले सदस्य आणि एक बाहेरून घेतलेला सदस्य असतो. हा बाहेरचा माणूसही वकीलच. त्यातले दोघे वकिलांच्याच मतांवर निवडून येतात, हे लक्षात घेतले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. कायद्याप्रमाणे राज्य समितीने तक्रार वर्षात निकाली काढायची, नाहीतर ती दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आपोआप जाते. ही मुदत पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये पुन्हा बजावून सांगावे लागले. वकिलाने मुदत पाळली नाही म्हणून केलेली तक्रार मुदतीत सुटत नाही, यावर वेगळे भाष्य नको.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अभ्यास एकांगी होईल. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सकाळी एका कोर्टात उलटतपासणी, दुपारी कल्याणला जामीन, मध्येच भिवंडीचे बोर्ड, असा दिवस काढणाऱ्या तरुण वकिलाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. (घोडबंदरच्या कोंडीमुळे पोहोचलो नाही, ही सबब मात्र इथे कोणीही न्यायाधीश खोटी मानणार नाही.) पक्षकार फी थकवतात, कागद देत नाहीत, पत्ता बदलतात. तरीही थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणाने ठरवले. भोपाळच्या एका सहकारी बँकेकडून ९७,१०० रुपये येणे आहे म्हणून वकिलाने तिच्या फायली रोखल्या होत्या. त्याला अखेर समज मिळाली. शिवाय सगळ्याच तक्रारी खऱ्या नसतात. समोरच्याचा वकील हैराण करण्यासाठी केलेल्या तक्रारींचे प्रमाण बघूनच की काय, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नाते नसेल तर सहसा गैरवर्तनाची चौकशी चालवता येणार नाही. निष्काळजीपणाच्या तक्रारीला यातून बळच मिळायला हवे. तिथे तक्रार करणारा स्वतः पक्षकार असतो आणि नात्याचा पुरावा वकीलपत्रावर सहीनिशी असतो.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्याने निकालपत्रांच्या आधी रोजनामा वाचायला शिकावे. दाव्यात प्रत्येक तारखेला काय घडले याची कोर्टाची नोंद म्हणजे रोजनामा. ‘वादी व वकील गैरहजर’, ‘मुदतअर्ज मंजूर, खर्च रुपये अमुक’, ‘शेवटची संधी’ अशा कोरड्या ओळींत हलगर्जीचा सगळा आलेख उतरलेला असतो. पूर्वी हे वाचायला कोर्टात कारकुनाची मनधरणी करावी लागे आणि पक्षकाराला तारीख वकिलाच्या तोंडूनच कळे. आता प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात. माझ्या मते शिस्तीच्या कोणत्याही नियमापेक्षा या क्रमांकाने जास्त बदल घडवला. पण त्याची दुसरी धारही आहे : माहिती हाताशी असताना पाहिली का नाही, असे सलील दत्ताच्या वाटेने जाणारे न्यायालय आता अधिक जोराने विचारू शकते.

दुसरे साधन वकीलपत्र. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ते एकदा दाखल झाले की न्यायालयाच्या परवानगीने मागे घेईपर्यंत चालू राहते. त्यामुळे ‘मी ते काम कधीच सोडले’ हे तोंडी सांगणे पुरत नाही. मात्र छापील वकीलपत्रांचा बारीक मजकूर फारसे कोणी वाचत नाही. फी वेळेवर न मिळाल्यास, पक्षकार हजर न राहिल्यास जबाबदारी आमची नाही, अशी वाक्ये त्यांत पुष्कळदा असतात. ती कुठवर टिकतात, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत व्हायला हवा. घोडबंदरच्या सोसायट्यांच्या दप्तरांत अशी वकीलपत्रे, फीच्या पावत्या आणि वकिलांशी झालेला पत्रव्यवहार वर्षानुवर्षे पडून आहे. समितीची संमती घेऊन, नावे झाकून हे कागद जमवले, आणि त्याच दाव्यांचे रोजनामे शेजारी ठेवले, तर घेतलेले काम आणि केलेले काम यांतले अंतर पहिल्यांदा कागदावर मोजता येईल. पुढची प्रकरणे या मोजणीसाठी लागणारी साधने पुरवतात. त्यांतली पहिली दोन खांडेकर आणि दास्ताने यांच्यावर आहेत. मानीव अभिहस्तांतरणाची कागदपत्रे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी सरळ चौथे प्रकरण उघडले तरी हरकत नाही.